शालेय परसबागेसाठी कंपोस्ट खत

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी. विषय : परिसर अभ्यास व कार्यानुभव. इयत्ता ४ थी ते ७ वी.)

प्रास्ताविक

माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की शाळेचे अंगण रोज सकाळी पाल्याने भरून जाते. विद्यार्थी ते झाडून काढतात, पाला कुंपणाच्या कोपऱ्यात लोटतात आणि पुष्कळ ठिकाणी त्याला काडी लावली जाते. त्यानंतर घंटा होते, प्रार्थना होते आणि वर्गात ‘वनस्पतींचे अन्न’ हा पाठ सुरू होतो. ज्या पाल्यात वनस्पतींचे अन्न साठलेले असते, तो पाला बाहेर धुमसत असतो. पुढे जून महिन्यात त्याच शाळेच्या परसबागेसाठी दुकानातून खताची पिशवी आणावी लागते. शिकविणे आणि वागणे यांतील ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. ती दूर करणे हा प्रस्तुत पाठाचा मुख्य हेतू होय.

शाळेतील दुपारच्या भोजनाची योजना २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. त्या भोजनात परसबागेतील मेथी, पालक, दोडका, शेवगा यांची भर पडावी अशी अपेक्षा असते. या भाज्यांना लागणारे खत शाळेच्याच आवारात तयार होऊ शकते. भाजीची देठे व साली स्वयंपाकघरात मिळतात, पाला अंगणात मिळतो आणि शेण गावात मिळते. उणीव असते ती योजनेची.

पाठाची उद्दिष्टे

१. पाला, शेण, माती, पाणी व हवा यांच्या योगाने खत कसे तयार होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.
२. मोजणे, नोंद ठेवणे व नोंदीवरून निष्कर्ष काढणे या सवयी लागाव्यात.
३. आपल्या गावातील खताच्या जुन्या रीती विद्यार्थ्यांनी आदरपूर्वक आणि डोळसपणे समजून घ्याव्यात.

तिसरे उद्दिष्ट सर्वांत कठीण आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शिक्षकांसाठी माहिती

झाड जमिनीतून जी द्रव्ये घेते, त्यांतील बरीच पानांत साठतात. पान गळून मातीत मिसळले की जंतू, बुरशी, गांडुळे व किडे त्याचे विघटन करतात आणि ती द्रव्ये पुन्हा मुळांना उपलब्ध होतात. जंगलात हे कार्य आपोआप चालते. कंपोस्ट म्हणजे तेच कार्य योग्य प्रमाण, ओलावा व हवा देऊन थोड्या काळात घडवून आणणे होय.

पाला जाळला असता त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे हवेत जाते. राखेत पालाश, चुना व काही प्रमाणात स्फुरद उरते. कुजविलेल्या पाल्यात नत्राचा मोठा भाग टिकतो, शिवाय जमीन भुसभुशीत ठेवणारा व ओल धरून ठेवणारा काळा सेंद्रिय अंश मिळतो.

विघटन करणाऱ्या जंतूंना कर्ब व नत्र दोन्ही लागतात. सुमारे ३० भाग कर्बास १ भाग नत्र हे प्रमाण त्यांस मानवते. कोरड्या पाल्यात कर्ब अधिक व नत्र कमी असते. शेण, हिरवे गवत व भाजीचा कचरा यांत नत्र तुलनेने अधिक असते. म्हणून नुसता पाला वर्षभर पडून राहिला तरी पुरता कुजत नाही आणि नुसत्या ओल्या कचऱ्याला दुर्गंधी सुटते. तीन पाट्या कोरड्या पाल्यास एक पाटी शेण व ओला कचरा हे व्यवहारातील सोपे प्रमाण आहे.

या शास्त्राची जडणघडण मराठी मुलखाच्या निकटच झाली. इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर कंपोस्टाची पद्धत बसविली. तिच्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे सहलेखक होते त्या संस्थेतील यशवंत वाड. ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार भिंतींचे टाके योजले. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा या टाक्यात भिंतींतील छिद्रांतून हवा खेळते, त्यामुळे ढीग उलथण्याचे श्रम वाचतात. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ पद्धत म्हणून ओळखली जाते.

त्याही आधी, १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले यांनी याच प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. डोंगरावरील पाने-फुले व कुजलेले सत्त्व पावसाबरोबर ओढ्यांतून वाहून जाऊ नये, ते शेतात मुरावे, यासाठी बंधारे घालण्याची सूचना त्यांनी केली. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांस ही सूचना पावसाळ्यात शाळेसमोरच्या ओढ्याच्या गढूळ पाण्यावरूनच समजावून देता येईल.

स्थानिक परिस्थितीचा विचार

दोन्ही तालुक्यांची जमीन व पाऊसमान एकसारखे नाही. पश्चिमेस भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूस पाऊस मुसळधार पडतो. भात, नाचणी व वरई ही पिके होतात आणि उताराची माती धुपते. पूर्वेस नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यात कुकडी व घोड यांच्या धरणांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे पिकतात. तेथे उसाचे पाचट विपुल मिळते आणि तेही बरेच ठिकाणी जाळले जाते.

म्हणून एकच रीत सर्व शाळांस लागू करू नये. पश्चिम भागात खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरतो व आतील माल सडतो. तेथे उंचवट्यावर ढीगच करावा आणि पावसाआधी तो झाकावा. पूर्व भागात उन्हाळ्यात ढीग लवकर वाळतो. तेथे गुडघाभर खोल खड्डा अधिक सोयीचा. पाचट वापरावयाचे असल्यास त्याचे वीतभर तुकडे करून आदल्या दिवशी भिजवावे.

शेण गोळा करण्यासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. घरच्या उकिरड्यातील शेण हे त्या कुटुंबाचे धन असते. ते शेताला जाते किंवा त्याच्या गोवऱ्या होतात. ज्यांच्या घरी गुरे नाहीत अशीही मुले वर्गात असतात. म्हणून ‘प्रत्येकाने शेण आणलेच पाहिजे’ असा दंडक घालू नये. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ग्रामस्थांना चार-पाच घमेली शेण देण्याची विनंती करावी. एका ढिगास तेवढे पुरेसे होते.

प्रत्यक्ष कृती

साहित्य : कोरडा पाला, ताजे शेण, ओला कचरा, गाळाची अगर परसातील माती, पाणी, घमेली, फावडे, दाताळे, एक लोखंडी सळई, मोजपट्टी.

फेब्रुवारीच्या अखेरीस काम सुरू करावे. शाळेच्या सुट्ट्यांशी हे वेळापत्रक उत्तम जुळते.

१. झाडाच्या सावलीत, विहीर अगर हातपंपापासून दूर अशी जागा निवडावी. १.५ मीटर लांब व १ मीटर रुंद आखणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.

२. तळाशी काड्या व तुरीची धसकटे आडवी-उभी पसरावीत. त्यांच्यातून खालून हवा शिरते.

३. त्यावर सुमारे १५ सेंटिमीटर पाल्याचा थर द्यावा. आंबा व फणस यांची चिवट पाने काठीने झोडपून मोडून घ्यावीत. अखंड राहिल्यास ती एकमेकांस चिकटून हवा अडवितात.

४. पाल्यावर शेणकाला व ओला कचरा यांचा ५ सेंटिमीटर थर द्यावा आणि वर मूठ-मूठ माती भुरभुरावी. मातीतून विघटन करणारे जंतू ढिगात येतात.

५. प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी यासाठी राखून ठेवावे. साबणाचे पाणी वापरू नये. ओलावा तपासण्यासाठी माल मुठीत घट्ट दाबावा; लाडू वळला आणि बोटांतून एक-दोन थेंबच आले तर ओलावा योग्य समजावा.

६. ढीग १ मीटर उंच झाला की गोणपाटाने झाकावा. यापेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही.

७. पंधरा दिवसांनी, एक महिन्याने व दोन महिन्यांनी ढीग उलथावा. बाहेरचा माल आत व आतला बाहेर आला पाहिजे. तिसरी उलथणी एप्रिलअखेर उरकून ढीग मातीने लिंपावा व सुट्टीत तसाच ठेवावा.

८. जूनच्या मध्यास शाळा उघडल्यावर ढीग उघडावा. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसातील मातीसारखा वास येणारा व मूळ पान ओळखू न येणारा माल तयार झालेला समजावा. न कुजलेले तुकडे चाळून पुढील ढिगात घालावेत.

निरीक्षण व नोंदी

दर शनिवारी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. प्रथम शिक्षकांनी तिला जपून स्पर्श करून पाहावा. पहिल्या आठवड्यात ती चांगलीच तापलेली लागते, कारण चांगल्या ढिगाच्या पोटात उष्णता ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेने तणांचे बी व अनेक रोगजंतू नष्ट होतात. ‘विस्तव न लावता ढीग तापला कसा?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा आणि उत्तरासाठी एक आठवडा थांबावे. उत्तर तत्काळ सांगण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा.

नोंदवहीत दिनांक, ढिगाची उंची, सळईचा स्पर्श, वास, रंग व दिसलेले जीव असे रकाने असावेत. गणिताच्या तासास या नोंदी उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर उंच ढिगाचे घनफळ १.५ घनमीटर होते. उंची ६० सेंटिमीटर उरली तर घनफळ ०.९ घनमीटर होईल, म्हणजे ०.६ घनमीटर घट झाली. ती शेकडा किती आणि तो माल गेला कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ४० टक्के हे पाटीवर मिळते. दुसऱ्यासाठी विज्ञानाकडे जावे लागते, कारण काही कर्ब वायुरूपाने गेलेला असतो आणि थरही दबलेले असतात.

ढीग बिघडला तरी तो पाठच होय. अमोनियाचा तीव्र दर्प आल्यास शेण अधिक झाले, पाला घालावा. कुजकट घाण सुटल्यास पाणी अधिक झाले, ढीग उलथून हवा द्यावी. ढीग थंड राहिल्यास अथवा त्यात मुंग्या झाल्यास तो कोरडा पडला, पाणी शिंपडावे. बिघाड नोंदवहीतून वगळू नये.

जूनमध्ये खताची कसोटी घ्यावी. दोन सारखे वाफे करून दोहोंत सारखेच मेथीचे बी पेरावे व सारखेच पाणी द्यावे. खत एकाच वाफ्यात घालावे. किती बी उगवले व रोपांची उंची किती झाली, हे चार आठवडे मोजावे. फरक थोडा दिसला तर थोडाच लिहावा. १०० किलो चांगल्या शेणखतात सुमारे अर्धा किलो नत्र असते आणि तेवढे नत्र सुमारे १ किलो १०० ग्रॅम युरियात मिळते, हेही वरच्या वर्गास सांगावे. कंपोस्टाचा खरा लाभ नत्राच्या वजनात मावत नाही. जमिनीचा पोत सुधारणे व ओल टिकणे हे लाभ सावकाश दिसतात. एका हंगामात चमत्काराची आशा लावल्यास विद्यार्थ्यांचा प्रयोगावरील विश्वास उडतो.

एक अपेक्षित प्रश्न

पश्चिम भागातील शाळेत हा पाठ चालू असता एखादा विद्यार्थी विचारील, “गुरुजी, आमचा आजा तर दरसाल राब भाजतो. पाला जाळू नये म्हणता, मग तो चुकतो का?”

या प्रश्नापाशी शिक्षकांची कसोटी लागते. ‘ते अडाणीपणाचे आहे’ असे उत्तर दिल्यास विद्यार्थ्यास शाळा अथवा घर यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागेल आणि तो बहुधा गप्प बसेल. शिवाय ते उत्तर अपुरेही आहे. राबाची रीत कोणी आळसाने चालविलेली नाही. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ साली सरकारने आयोग नेमला, तेव्हाही राबासाठी लागणारा पाला-फांदी हा वादाचा मोठा विषय होता.

शिक्षकांनी त्या विद्यार्थ्यासच उभे करून विचारावे, “राब कसा भाजतात, ते वर्गाला सांग पाहू.” तो सांगेल : रोपाच्या जागेवर शेण पसरतात, त्यावर ऐनाच्या फांद्या व पालापाचोळा, मग गवत, वर माती, आणि पावसाआधी तो थर हळूहळू भाजतात. हे टप्पे फळ्यावर लिहावेत. मग प्रत्येक टप्प्याचे कारण वर्गाकडून काढून घ्यावे. तणांचे बी जळते, राखेतील पालाश रोपाला लगेच मिळतो, भाजलेली माती मोकळी होते व लावणीच्या वेळी रोप सहज उपटते. दुसऱ्या बाजूस नत्र व सेंद्रिय अंश धुरात जातो आणि फांद्या तोडल्याने झाडांवर ताण पडतो.

यानंतर सांगावे की, आजोबांना थोड्या जागेत, मुसळधार पावसाच्या तोंडावर, तणरहित रोप हवे असते. आपणांस भाजीच्या वाफ्यासाठी वर्षभर पुरणारे खत हवे आहे. कामे दोन, म्हणून रीती दोन. कृषिशास्त्राने पुढे आणलेल्या चारसूत्री भातलागवडीतही रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात आणि शेतात गिरिपुष्पाचा हिरवा पाला कुजवितात. तीत राखेला व पाल्याला आपापले स्थान आहे. गादीवाफ्यावर रोपे तयार केल्यास फांद्या तोडण्याची गरजही कमी होते. ही माहिती विद्यार्थ्याने घरी सांगावी, पण ‘शाळेत असे सांगितले म्हणून बंद करा’ असा निरोप त्याच्या हाती देऊ नये.

अशा आजोबांना ढीग रचण्याच्या दिवशी शाळेत बोलवावे. शेण किती ओले असावे, कोणता पाला लवकर कुजतो, शेतात धनगरांचा वाडा बसवून मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत कसे मिळवितात, हे ते सांगू शकतील. ज्या नातवाच्या आजोबांना शाळेने खुर्ची दिली, त्यास शाळा परकी वाटत नाही.

क्षेत्रभेट

आहुपे येथील किंवा जवळची एखादी देवराई दाखविता आल्यास उत्तम. तेथे पाल्याचा थर काठीने अलगद बाजूस सारून पाहावा. वर अखंड पाने, खाली जाळीदार पाने, त्याखाली बुरशीचे पांढरे तंतू व सर्वांत खाली काळी माती असे टप्पे एकाच जागी दिसतात. पाहून झाल्यावर थर पूर्ववत् करावा. देवराईतील पडलेले पानही उचलू नये ही अनेक गावांची रीत आहे व शास्त्रदृष्ट्याही ती योग्य आहे. त्या झाडांचे खत तेच होय. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याच्या हद्दीतूनही पाला आणू नये. शाळेच्या ढिगास शाळेचा पाला पुरतो.

दक्षता

पाल्यात विंचू-सर्प असू शकतात. म्हणून दाताळ्याने पाला आधी विस्कटावा, हात मागाहून घालावा. हातास जखम असलेल्या विद्यार्थ्यास नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. काम संपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. या भागात बिबट्याचा वावर आहे. म्हणून पाला गोळा करण्याचे काम शाळेच्या वेळेत, गटाने व आवारातच करावे, सांज-सकाळी मुलांना उसाच्या कडेला पाठवू नये. मांस, तेलकट अन्न, प्लॅस्टिक, रोगट झाडे व फुलोऱ्यावर आलेले गाजरगवत ढिगात घालू नये.

आणखी एक दक्षता तितकीच महत्त्वाची आहे. शेण भरणे मुलींचे, फावडे मुलांचे आणि झाडणे ठरावीक घरांतील मुलांचे, अशी वाटणी नकळत होते. पाळीपत्रक भिंतीवर लावून प्रत्येक काम प्रत्येकाकडे फिरते ठेवावे आणि शेणाचे पहिले घमेले शिक्षकांनी स्वतः उचलावे. त्यानंतर समतेवर वेगळे भाषण करण्याची आवश्यकता उरत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरी कोणकोणती खते वापरतात? शेणखत, लेंडीखत, राख, पाचट यांपैकी प्रत्येकाची माहिती मोठ्या माणसांना विचारून लिहा.
२. ‘खत’ या शब्दाचा ‘खरेदीखत’ या शब्दात कोणता अर्थ आहे? तो अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा.
३. ढिगाच्या उंचीचा आठवडावार आलेख काढा.
४. राब आणि कंपोस्ट यांतील दोन साम्ये व दोन भेद लिहा.

उपसंहार

शिक्षक बंधु-भगिनींनी हा पाठ एका तासात संपविण्याची घाई करू नये. फेब्रुवारीत रचलेला ढीग जूनमध्ये उघडतो. तोवर काही विद्यार्थी वरच्या वर्गात गेलेले असतात आणि काही दुसऱ्या शाळेत. जाणाऱ्या वर्गाने आपली नोंदवही येणाऱ्या वर्गाच्या स्वाधीन करावी व ढीग येणाऱ्या वर्गाने उघडावा, ही प्रथा प्रत्येक शाळेने पाडावी. येत्या पानगळीत अंगणाच्या कोपऱ्यातील धूर बंद झाला आणि त्या जागी आखणीची दोरी लागली, म्हणजे या पाठाचा आरंभ झाला असे समजावे.